बेरजेत न बसणारी माणसं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होते. दुपार कलली होती, पण उन्हाचा चटका गेला नव्हता. वहिनी फोनवर कधी घाईने बोलत नाही. त्या दिवशीही तिचा आवाज शांतच होता. "बेबी, हे जेवून पडलेत ते उठत नाहीयेत. तू ये," एवढंच ती म्हणाली. सावेडीहून दादाच्या घरापर्यंत रिक्षाला फार वेळ लागत नाही, पण त्या दिवशी रस्ता संपेना. मी पोचले तेव्हा शेजारचे डॉक्टर येऊन गेले होते. दादा कुशीवर निजला होता, एक हात उशीखाली, लहानपणी निजायचा तसाच. वहिनी पायाशी बसली होती. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्या कपाळावर एकही आठी दिसली नाही…

माझा भाऊ, रत्नाकर भिंगारदिवे, गेला त्याला आता महिना होऊन गेला. नगरमध्ये त्याला ओळखणारे पुष्कळ आहेत. शाळेत त्याच्या हाताखाली खेळलेली मुलं आता आजोबा व्हायला आली आहेत. त्यांनी लिहिलं असतं तर त्यांनी त्याच्या शिट्टीबद्दल, शिस्तीबद्दल, पहाटेच्या सरावाबद्दल लिहिलं असतं. मला लिहायचं आहे ते त्याच्या शेवटच्या काही वर्षांबद्दल आणि त्या वर्षांत त्याच्या अंगात शिरलेल्या भीतीबद्दल. ती भीती घरात वहिनीने पाहिली आणि मी पाहिली. बाहेर फारशी कुणाला दिसली नसावी.

लहानपणी दादा कशालाच भीत नसे. आमचे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आम्ही चर्चच्या मागच्या चाळीत राहायचो आणि चाळीसमोर बास्केटबॉलचं कोर्ट होतं. कोर्ट म्हणजे सारवल्यासारखी चोपून बसवलेली माती आणि दोन लोखंडी खांब. रिंग वाकडी झाली की दादा खांबावर चढून, बोर्डाच्या वरच्या कडेवर मांडी घालून बसायचा आणि हातोडीने ती सरळ करायचा. खाली आई हाका मारून थकायची. साप निघाला की त्याला बोलावणं यायचं, कुणाचा मुलगा विहिरीत उतरायला घाबरला की यालाच बोलावणं. पुढे तो जिल्ह्याकडून खेळला, राज्याच्या संघाच्या दारापर्यंत पोचला आणि तिथून परत आला. त्या काळी चांगले खेळाडू मोठमोठ्या सरकारी खात्यांचे संघ उचलून न्यायचे, कारण नोकरी द्यायची ताकद त्यांच्याकडेच होती. नगरसारख्या ठिकाणच्या संघाने पोरगा घडवायचा आणि तयार झाला की कुणीतरी मोठ्याने तो न्यायचा. दादाला याचा राग होता. तो राग त्याने कधी बोलून दाखवला नाही. तो मिशनच्या शाळेत क्रीडाशिक्षक झाला आणि तिथेच निवृत्त झाला.

किशोर त्याला शाळेत असतानाच मिळाला. पुणतांब्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, शिकायला वसतिगृहात आलेला, वयाच्या मानाने इतका उंच की बाकावर मावायचा नाही. पहिले काही दिवस तो बोलायचाच नाही. बोलला की मुलं हसायची, म्हणून गप्प. दादाने त्याला हातात चेंडू देऊन कोर्टवर उभं केलं आणि रविवारी जेवायला घरी आणायला सुरुवात केली. वहिनी त्याच्यासाठी वेगळ्या पातेल्यात भात लावायची. किशोर तिला काकू म्हणायचा. दादाला मूलबाळ नव्हतं. यावर आमच्या घरात कधी कुणी काही बोललं नाही, पण किशोर ताटावर बसला की दादा स्वतःचं जेवण विसरून त्याच्याकडे बघत राही, हे मी बघितलं आहे.

दादा निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी बास्केटबॉलची एक व्यावसायिक लीग सुरू झाली. एमआयडीसीतल्या एका कारखानदाराने आमच्या भागाच्या नावाने संघ घेतला आणि खेळाडू निवडून संघ बांधायचं काम दादाकडे आलं. त्या दिवशी तो पेढे घेऊन माझ्याकडे आला होता. मी बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते. "बेबी, मला तुझी बेरीज लागणार आहे," तो म्हणाला. "मला खेळ कळतो, पण या लीगमध्ये निम्मा खेळ पगाराचा आहे."

मग त्याने मला नियम समजावून सांगितला. संघातल्या सगळ्या खेळाडूंचा मिळून वर्षाचा पगार एका ठरलेल्या आकड्याच्या वर जाता कामा नये. मालक कितीही श्रीमंत असला तरी नाही. या आकड्याला सगळे नुसतं 'कॅप' म्हणायचे. दादाला हा नियम मनापासून आवडला होता. "हा नियम असता ना, तर आमच्या वेळी आमची पोरं कुणी उचलून नेली नसती," तो म्हणाला. "मुंबईच्या संघाचा मालक आपल्या मालकाला दहादा विकत घेईल. पण कोर्टवर त्याच्याकडे आणि आपल्याकडे सारखाच पैसा. आता डोकं कुणाचं चालतं ते बघायचं." त्याचे डोळे चमकत होते. खांबावर चढलेला मुलगा मला पुन्हा दिसला.

पहिल्या वर्षी आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून संघ जुळवला. मला मजा वाटली होती, हे कबूल करायला हवं. एक परदेशी सेंटर घ्यायचा ठरला, सात फुटाच्या आसपास उंची, रिंगखाली उभा राहिला की समोरच्यांना घाम फुटायचा. तो एकटाच कॅपचा मोठा लचका तोडायचा. उरलेल्या पैशात बाकी सगळे बसवायचे. मग नवे, कोवळे खेळाडू कमीत कमी पगारावर घ्यायचे, त्यांच्यातले दोन-तीन चमकतील अशी आशा ठेवायची, आणि मध्ये किशोरसारखे दोघे-तिघे अनुभवी. किशोरच्या नावावर पॉइंट थोडेच लागायचे, वर्तमानपत्रात त्याचं नाव यायचं नाही. पण तो कोर्टवर असला की समोरच्याला आत शिरायला वाट मिळायची नाही, आणि नवी पोरं भांबावली की तो त्यांच्या जवळ जाऊन काहीतरी पुटपुटायचा आणि ती ताळ्यावर यायची. दुसऱ्या वर्षी संघ उपांत्य फेरीत गेला. एमआयडीसीतून मिरवणूक निघाली. दादाच्या गळ्यात इतके हार होते की त्याचं तोंड दिसत नव्हतं.

आणि तिथूनच भीती सुरू झाली. जिंकलेल्या संघाच्या प्रत्येक खेळाडूचा भाव वाढतो, हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. सेंटरला वाढीव पगार हवा होता. चमकलेल्या पोरांना दुसरे संघ बोलवत होते, त्यांना राखायचं तर त्यांनाही वाढ द्यायला हवी होती. कॅपचा आकडा मात्र जवळपास होता तिथेच. त्यात लीगचा दुसरा एक नियम होता, तोही चांगल्या हेतूने केलेला. खेळाडू जितकी जास्त वर्षं खेळलेला, तितका त्याचा कमीत कमी पगार जास्त. जुन्या खेळाडूला कुणी कवडीमोलात राबवू नये म्हणून तो केला होता. पण झालं उलटंच. किशोर ज्या वर्षी वरच्या पायरीवर गेला, त्या वर्षी तो आपोआप महाग झाला. त्याने वाढ मागितली नव्हती. कमी पैशात खेळायला तो एका पायावर तयार होता, पण तसं खेळायची त्याला परवानगी नव्हती. त्याच्या एकट्याच्या जागेत दोन नवी पोरं बसत होती.

मी पुन्हा पुन्हा बेरीज केली. दादा समोर बसून माझ्या पेनकडे बघत होता. "परत कर," तो म्हणायचा. मी परत करायचे. उत्तर तेच यायचं. मोसमाआधी खेळाडूंची नावं लीगकडे पाठवायची तारीख जवळ येत चालली तसा तो बदलत गेला. जेवायला बसला की घास हातातच राही. दारावर कुणी थाप मारली की खुर्चीत दचकायचा. एकदा मी चहा घेऊन आले तर तो खिडकीत उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करतोय. जवळ गेले तर तो नुसती नावं म्हणत होता… एकेक नाव, हळूहळू, आणि किशोरच्या नावाशी येऊन थांबत होता.

त्याने एक दिवस मॅनेजरांना सांगितलं, "माझ्या पगारातून कापा. मला एवढे नकोत. ते किशोरला द्या." संघाचे मॅनेजर तसे सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "सर, तुमचा पगार कॅपमध्ये धरतच नाहीत. प्रशिक्षक, डॉक्टर, सगळे कॅपच्या बाहेर. तुम्ही फुकट काम केलंत तरी खेळाडूंसाठी एक रुपया वाढत नाही. आणि तुम्ही स्वतःच्या खिशातून त्याला दिलेत, तर लीग तेही कॅपमध्ये मोजणार." हे मला सांगताना दादा हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

मग मॅनेजरांनीच एक वाट सुचवली. किशोरला सर्वांत खालच्या पगाराच्या जागी कसंतरी बसवायचं, वर्षांचा हिशेब जरा सैल धरून. आणि तुटीपोटी त्याच्या बायकोला मालकांच्या कारखान्यात नोकरी दाखवायची. तिने कामावर यायची गरज नाही. पगार घरी जाईल. "सगळेच करतात," ते म्हणाले. सगळे करत होते की नाही, मला माहीत नाही. पण एका संघाचं असलंच काही उघडकीला आलं होतं आणि त्या संघाला पूर्ण मोसम बाहेर बसवलं होतं, हे आम्हाला माहीत होतं. सगळे खेळाडू घरी बसले. ज्यांचा त्यात काही संबंध नव्हता, तेसुद्धा. दादा दोन दिवस माझ्याकडे आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "एकाला वाचवायला मी सगळ्यांच्या पानातलं पणाला लावू का, बेबी? तू सांग." मी म्हटलं, "दादा, तू हे काम सोड." तो म्हणाला, "आणि मग?"

सगळ्यात वाईट म्हणजे, मॅनेजरांनी ती नोकरीची गोष्ट किशोरच्या बायकोच्या, अश्विनीच्या, कानावर आधीच घातली होती. तिने नगरमध्ये भाड्याची खोली बघायला सुरुवात केली होती, मुलीच्या शाळेची चौकशी केली होती. हे कळल्यावर दादा म्हणाला, "मी जाऊन सांगतो. तू बरोबर चल. गाडी तू चालव."

पुणतांब्याला आम्ही सकाळी पोचलो. किशोरच्या घरी कांद्याची चाळ भरायचं काम चाललं होतं. त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, आम्हाला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. किशोर हात धुऊन आला आणि दादाच्या पायाशी पायरीवर बसला. दादाने काही लपवलं नाही. नियम सांगितला, आकडे सांगितले, ती दुसरी वाट सांगितली आणि ती त्याने का नाकारली तेही सांगितलं. अश्विनी दारात उभी होती. तिने एकदाही पदर हलवला नाही. किशोर सगळं ऐकून घेत होता आणि मान हलवत होता, शाळेत खेळाची चाल समजून घ्यायचा तशी. शेवटी म्हणाला, "बरं सर." मग उठला आणि आम्हाला चहा घेतल्याशिवाय जाऊ नका म्हणाला. तो रडला असता, चिडला असता तर बरं झालं असतं. परतीच्या वाटेवर दादा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "बरं सर म्हणाला… तू ऐकलंस ना, बरं सर म्हणाला…"

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला. मी दादाकडेच होते. दादाने फोन घेतला आणि त्याचा चेहरा असा झाला की वहिनीने हातातली परात खाली ठेवली. "सर, किशोर तिकडं आलाय का?" अण्णा विचारत होते. "सकाळच्याला उठून गेल्ता गाडी घेऊन. कुनाला काय बोलला न्हाई. फोन बंद हाय त्याचा. अश्विनी लई घाबरलीय."

त्या दिवशी मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. राहुरी गेली, बेलापूरचा फाटा गेला. दादा पुढच्या काचेतून बघत होता आणि रस्त्याने उंच माणूस दिसला की माझ्या हातावर हात ठेवायचा. मी वेग कमी करायचे. कुणी दुसराच निघायचा. पुणतांब्याला पोचलो तर गावातली माणसं अण्णांच्या दारात जमली होती आणि दबक्या आवाजात बोलत होती. आम्हाला बघून ती गप्प झाली.

दादा कुणाशी न बोलता थेट गोदावरीकडे निघाला. मी मागे, अण्णा माझ्याही मागे. नदीला पाणी बऱ्यापैकी होतं. घाटाच्या पायऱ्यांवर बायका धुणी धूत होत्या. दादा त्यांना विचारायला गेला आणि त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. मी विचारलं, "उंच माणूस बघितला का, सकाळपासून?" एक म्हणाली, "न्हाई बाई." दुसरी म्हणाली, "कोनाचा हाय?" आणि अण्णांकडे बघून तिने हातातलं कापड तसंच पाण्यात सोडून दिलं. दादा घाट सोडून काठाकाठाने चालायला लागला. चिखलात त्याचे बूट रुतत होते. बाभळीची काटेरी फांदी त्याच्या सदऱ्यात अडकली आणि सदरा फाटला, तरी तो थांबला नाही. जिथे काठ खचलेला दिसे तिथे वाकून बघायचा. पाण्यावर काही तरंगताना दिसलं की थिजून उभा राहायचा, आणि ती जलपर्णी आहे हे कळल्यावर पुढे चालायचा. अण्णा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, सरास्नी माघारी फिरवा. त्यांचा रंग बघा." मी हाक मारली. दादाने वळून पाहिलं. साप बाहेर काढणारा, बोर्डावर चढून बसणारा माझा भाऊ… त्याचा खालचा ओठ लहान मुलासारखा हलत होता.

किशोर दुपार उलटल्यावर आपला आपण घरी आला. अंगावर इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी. दारातली गर्दी बघून तोच घाबरला. त्याला वाटलं अण्णांना काही झालं. अश्विनी त्याच्या छातीवर बुक्क्या मारत राहिली आणि तो तिला आवरायचा प्रयत्न करत राहिला. मग सगळं कळलं. तो बेलापूरला गेला होता, तिथून श्रीरामपूरला. शाळाशाळांतून क्रीडाशिक्षकाची जागा आहे का विचारत फिरला होता.

"मग फोन कशाला बंद केलास?" दादाने विचारलं.

किशोर खाली बघत म्हणाला, "तुमचा फोन आला असता, सर. मी काय करतोय ते सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकला असता. मला बघायचं होतं, तुमच्या नावाशिवाय मला कुणी दारात उभं करतं का."

"मग?"

"पुढच्या वर्षी या म्हणाले."

दादा तिथेच ओट्यावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे धरून ठेवले. अश्विनीने त्याच्या बुटांचा चिखल पाहिला आणि तेव्हा कुठे तिला कळलं की हा म्हातारा माणूस कुठे जाऊन आला आहे. तिने पाण्याची बादली आणली.

किशोरचं पुढे बरं झालं, हे सांगायला हवं. पुढच्या वर्षी या म्हणणाऱ्या बेलापूरच्या शाळेने खरंच त्याला बोलावलं. आज तो तिथे शिकवतो, शेतीही बघतो. पण दादाच्या अंगातून तो दिवस गेला नाही. मला वाटलं होतं, तो आता काम सोडेल. त्याने सोडलं नाही. दर वर्षी तेच व्हायचं. दोघे बसायचे, एक उरायचा. कुणाचा गुडघा मोडायचा, तो खेळणार नसला तरी त्याचा पगार बेरजेत राहायचा आणि त्याच्यापायी धडधाकट माणसाला घरी पाठवावं लागायचं. दर वर्षी मधलाच कुणीतरी जायचा. फार वर चढलेला नाही, अगदी नवाही नाही, लग्न झालेला, एखादं लेकरू असलेला. मोसम जवळ आला की दादाचं वजन उतरायचं. छातीत दुखतं म्हणून त्याला तपासलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ही दगदग बंद करा. घरी आल्यावर मी त्याच्याशी भांडले. वहिनी रडली.

तेव्हा तो म्हणाला, "बेबी, मी सोडलं तर माझ्या जागी कुणीतरी येईलच. नियम तोच, कॅप तीच. त्या माणसाला जर भीती वाटत नसली तर?" आणि थोड्या वेळाने, "मला वाटते ती भीती काही वाईट नाही. ती असलेली बरी." मला ते पटलं नाही. आजही पटलंय असं नाही. मला माझा भाऊ हवा होता. त्याच्या जागी कुणीही बिनभीतीचा बसला असता तरी मला चाललं असतं.

दफनविधीच्या दिवशी चर्चच्या फाटकातून उंच उंच माणसं आत येऊ लागली. संघातले होते तेही, आणि संघातून काढलेले होते तेही. काढलेल्यांची नावं मी ओळखत होते. ती सगळी माझ्या टेबलावरूनच गेली होती. त्यांच्या नजरेला नजर द्यायचा मला धीर होईना. गीत सुरू झालं तरी मी खालीच बघत होते. त्यांच्यातल्याच सहा जणांनी पेटी उचलली. किशोर पुढे डावीकडे होता. ते इतके उंच होते की पेटी सगळ्या लोकांच्या डोक्यावरून गेली. पाळकसाहेबांनी मूठभर माती टाकायला सांगितलं तेव्हा किशोर खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. अश्विनीने जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तो उठला.

त्यानंतरची गोष्ट गेल्या आठवड्यातली. मी हल्ली वहिनीकडेच राहते. दुपारी बेल वाजली. दारात अजय होता, संघात गार्डच्या जागी खेळणारा, राहुरीकडचा. तिशी नुकतीच ओलांडलेला. आत येऊन सोफ्यावर बसला तर त्याचे गुडघे छातीला लागत होते. वहिनीने पाणी दिलं. ते त्याने हातात धरून ठेवलं.

"ताई, मला मेसेज आलाय," तो म्हणाला. "या मोसमासाठी आभार, पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा, असा. मॅनेजरसाहेब फोन उचलत नाहीत." मग म्हणाला, "सर कुणालाही असं कळवायचे नाहीत. ज्याला काढायचं त्याच्या घरी जायचे. कुणाचं घर कितीही लांब असू दे. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. सर दारात दिसले की समजायचं. मी म्हटलं, माझ्याकडे तर कुणी आलंच नाही… म्हणजे नक्की झालं की नाही, ते विचारायला आलो."

हे मला माहीत नव्हतं. पुणतांब्याला गेलो ती एकदाच, असंच मी धरून चालले होते. मी वहिनीकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

मी संघाची कुणी नव्हते. मला सांगायचा काही अधिकार नव्हता. पण तो पाण्याचा पेला धरून माझ्याकडे बघत बसला होता आणि दादाबरोबर केलेली या वर्षाची बेरीज मला पाठ होती. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली. मी म्हटलं, "अजय, तुझी वर्षं वाढली, तू वरच्या पायरीवर गेलास. तुझ्या खेळात काही कमी नव्हतं. सेंटरचा करार आणि तुझी पायरी, दोन्ही कॅपमध्ये बसत नाहीत. झालंय ते नक्की आहे." तो ऐकत होता, मान हलवत होता. मला किशोरची मान आठवली. त्याने पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "बरं, ताई. तोंडाने कुणी सांगितलं म्हणजे बरं वाटतं." वहिनीने चहा केला. तो पिऊन अजय गेला. आम्ही दोघी खिडकीशी उभ्या राहून त्याची मोटारसायकल वळेपर्यंत बघत होतो.

मग वहिनी म्हणाली, "हे कुणाकडे जाऊन आले की दुसऱ्या दिवशी त्याला काहीतरी निमित्त काढून फोन करायचे. उगाच. चष्मा तुमच्याकडे राहिला का, म्हणून. कधी काय, कधी काय. पलीकडून आवाज आला की मग चहा मागायचे. तोवर काही घेत नसत."

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. झोपही धड लागली नाही. सकाळी उठून मी वहिनीच्या स्वयंपाकघरात गेले, फोन घेतला आणि अजयचा नंबर लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती, तिने गॅस पेटवला नव्हता. शेवटी पलीकडून आवाज आला, "हां ताई, बोला."

"अजय, काल तुझी छत्री इथे राहिलीय का रे?"

"न्हाई ताई. मी छत्री आणलीच नव्हती."

"मग असेल दुसऱ्या कुणाची," मी म्हटलं आणि फोन ठेवला. वहिनीने चहाचं आधण ठेवलं.